गुरूच्या ढगांचे हौशी छायाचित्रण व नकाशांकन (बेळगाव सीमाभाग)

गुरू ग्रहाच्या वातावरणातील पट्टे, डाग आणि भोवरे यांची लहान दुर्बिणीतून छायाचित्रे घेणे, त्यांचे अक्षांश-रेखांश मोजणे आणि त्यांवरून ग्रहाचा नकाशा जुळवणे, हे हौशी खगोलनिरीक्षकांचे जुने काम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीभाषक पट्ट्याला या कामासाठी जागेचा मोठा लाभ मिळतो, आणि त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

गुरूला घन पृष्ठभाग नाही. दिसतात ते ढगांचे माथे, आणि तेही एका वेगाने फिरत नाहीत. विषुववृत्ताजवळचे ढग 9 तास 50 मिनिटे 30 सेकंदांत फेरी पुरी करतात, तर त्यांच्या उत्तर-दक्षिणेकडच्यांना सुमारे 9 तास 55 मिनिटे 41 सेकंद लागतात. त्यामुळे रेखांश मोजण्याच्या ‘पद्धती 1’ आणि ‘पद्धती 2’ अशा दोन वेगळ्या पद्धती ठेवाव्या लागल्या. दोहोंत दिवसाला साडेसात अंशांहून थोडा जास्त फरक पडतो आणि सुमारे 47 दिवसांत विषुववृत्तावरचे ढग शेजाऱ्यांपेक्षा एक पूर्ण फेरी पुढे जातात. मोठा तांबडा डागही (गुरूवरचे एक प्रचंड वादळ) जागचा हलतो: अलीकडच्या वर्षांत पद्धती 2 मधला त्याचा रेखांश महिन्याला दीड-दोन अंशांनी वाढत आला आहे. तो आकुंचनही पावतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे 40,000 किमी होती, 1979 मध्ये व्हॉयेजर यानांनी ती सुमारे 23,000 किमी मोजली, आणि आता ती 15,000 किमीच्या आसपास आहे. सगळे इतके चंचल असल्यामुळे नकाशा एकदा काढून भागत नाही; तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

बेळगावचा अक्षांश सुमारे 15.9 अंश उत्तर आहे. गुरू खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 23 अंशांपर्यंत जातो. म्हणजे सर्वांत दक्षिणेला असतानाही तो मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) इथून 51 अंश उंच येतो. लंडनहून तो अशा वेळी जेमतेम 15 अंशांवर असतो. संक्रांतीच्या चार दिवस आधी, 10 जानेवारी 2026 रोजी झालेल्या प्रतियुतीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या समोरासमोर येण्याच्या) वेळी तो मध्यरात्रीनंतर साडेबारा-पाऊणच्या सुमारास जवळपास डोक्यावरून, खस्वस्तिकाच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या) सुमारे 6 अंश उत्तरेकडून गेला. इतक्या उंचीवर हवेचा थर पातळ असतो आणि रंग फाकत नाहीत, त्यामुळे रंग जुळवणारे जास्तीचे साधन लागत नाही. अडचण मात्र वेगळीच येते. डॉब्सन पद्धतीच्या (आडव्या-उभ्या दिशेत फिरणाऱ्या साध्या बैठकीवरच्या) दुर्बिणीला खस्वस्तिकाजवळच्या ग्रहामागे फिरणे फार अवघड जाते, तेव्हा ग्रह तिथे पोचण्याच्या तासभर आधी किंवा नंतर चित्रण करावे. हिवाळ्याच्या अशा रात्री गुरू आठ तासांहून जास्त वेळ 30 अंशांच्या वर राहतो. तेवढ्यात तो स्वतःभोवती जवळपास पूर्ण फिरतो, आणि एकाच गच्चीवरून एका रात्रीत संपूर्ण गोलाचा नकाशा मिळू शकतो.

रेखांशाचाही फायदा आहे. फिलिपाइन्स, जपान आणि ऑस्ट्रेलियातले निरीक्षक थांबतात आणि युरोपात अजून रात्र व्हायची असते, त्या मधल्या तासांत गुरूची जी बाजू समोर येते तिची नोंद भारतातूनच होऊ शकते. जूनो यान 2016 पासून गुरूभोवती फिरते आहे. ते सुरुवातीला दर 53 दिवसांनी ग्रहाजवळून जात असे आणि तेव्हा एक चिंचोळा पट्टाच जवळून टिपत असे. भोवतालचे चित्र पुरवण्याचे काम हौशी लोकांच्या नकाशांनी केले आहे.

अंधाऱ्या आकाशाची इथे गरज नाही. खानापूरच्या जंगलाकडे जाण्यापेक्षा बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतली गच्चीही चालते, पण हवा स्थिर हवी. निरीक्षक तिला ‘सीइंग’ म्हणतात. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि बिंब थरथरते, म्हणून अंगणातली किंवा शेतातली मातीची जागा बरी. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून थंड होऊ द्यावी. ऊस-पट्ट्यातल्या धुराने प्रकाश मंदावतो, पण बिंब स्थिर राहू शकते. तेवढ्यासाठी रात्र वाया घालवू नये.

साधन म्हणून 200 मिमीची परावर्तक दुर्बीण, प्रतिमा मोठी करणारे बार्लो भिंग आणि ग्रहांसाठीचा छोटा कॅमेरा पुरे. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन ‘ऑटोस्टॅकर्ट’सारख्या सॉफ्टवेअरने त्यातल्या उत्तम चौकटी निवडून एकावर एक रचतात. व्हिडिओ लांबवता येत नाही, कारण गुरू मिनिटाला 0.6 अंश फिरतो आणि बिंबाच्या मध्यावर हे अंतर 750 किमी भरते. ग्रीशा हान यांच्या ‘विनज्युपॉस’ या सॉफ्टवेअरमध्ये हे भ्रमण काढून टाकता येते, त्यातच मोजमाप होते आणि चित्रे उलगडून नकाशाही जोडला जातो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. घरच्या पंचांगात गुरूची रास कळते. या क्षणी त्याचा कोणता रेखांश आपल्याकडे आहे, हे कळायला जागतिक वेळ लागते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना अर्धा तास विसरला तर नकाशात 18 अंशांची चूक पडते. पहाटे साडेपाचपूर्वीच्या चित्रावर आदल्या दिवसाची तारीख लिहावी लागते. कॅमेरा नसेल तर एखादा डाग बिंबाच्या मध्यरेषेवर केव्हा आला एवढी वेळ लिहिणेही उपयोगाचे ठरते. कॅमेऱ्यांच्या आधी निरीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच वाऱ्यांचे वेग काढले.

या चिकाटीतून मोठे शोध लागले आहेत. 1998 आणि 2000 मध्ये तीन पांढऱ्या डागांच्या विलीनीकरणातून ‘बीए’ नावाचा डाग झाला होता. तो तांबूस झाल्याचे फिलिपाइन्सच्या ख्रिस्तोफर गो यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये दाखवले. 19 जुलै 2009 रोजी ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली यांना गुरूवर आघाताचा, म्हणजे अवकाशातले काही आदळल्याचा, काळा व्रण दिसला. 3 जून 2010 रोजी वेस्ली आणि गो या दोघांनी आघाताची चमक टिपली. दक्षिण आफ्रिकेतले क्लाइड फॉस्टर यांनी 31 मे 2020 रोजी मिथेन फिल्टरमधून (मिथेन वायू शोषतो तेवढाच प्रकाश येऊ देणाऱ्या काचेतून) नवा तेजस्वी डाग शोधला.

2020, 2021 आणि 2022 च्या प्रतियुती जुलै ते सप्टेंबरात, म्हणजे सीमाभागाच्या पावसाळी महिन्यांत आल्या. त्यातली 2022 ची तर 59 वर्षांतली सर्वांत जवळची होती. पुढच्या तीन प्रतियुती फेब्रुवारी 2027, मार्च 2028 आणि एप्रिल 2029 मध्ये, कोरड्या दिवसांत आहेत. चित्रे रचून झाल्यावर मूळ व्हिडिओ लगेच पुसू नयेत. आघाताची चमक सेकंद-दोन सेकंदच टिकते आणि रचलेल्या चित्रात ती हरवते. ‘डिटेक्ट’ हे सॉफ्टवेअर ती मूळ चौकटींत शोधते.