कायद्याची न्याय्य अधिसत्ता

कायदा पाळण्याचे बंधन केवळ शिक्षेच्या धाकातून येते की त्यामागे लोकांना पटणारा नैतिक आधारही असावा लागतो, हा विधितत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न ‘न्याय्य अधिसत्ता’ या संकल्पनेत मांडला जातो. जॉन ऑस्टिन (१७९०–१८५९) यांनी कायद्याला सार्वभौमाची आज्ञा मानले. एच. एल. ए. हार्ट (१९०७–१९९२) यांनी त्यातील उणीव दाखवली : दरोडेखोरापुढे माणूस नमतो, पण त्याचे ऐकणे हे आपले कर्तव्य आहे असे तो मानत नाही. असह्य अन्याय करणाऱ्या कायद्याने न्यायापुढे माघार घेतली पाहिजे, असे जर्मन विधितज्ज्ञ गुस्टाव्ह राडब्रुख यांनी नाझी राजवटीच्या अनुभवानंतर १९४६ मध्ये मांडले.

मराठवाड्याच्या इतिहासात हा वाद पुस्तकी राहत नाही. निजामी राजवटीत फरमान हाच कायदा होता आणि सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकानुसार आधी सरकारी परवानगी काढावी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस या राजकीय संघटनेवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. ऑस्टिन यांच्या कसोटीवर हे सारे निर्दोष कायदे ठरतात. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ही बंदी उघडपणे मोडून तुरुंगवास पत्करला. शिक्षा देण्याची सत्ता त्यांनी अनुभवली, तिचा अधिकार मानला नाही.

पुढील घटना विशेष विचार करण्याजोगी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाल्यावर, नोव्हेंबर १९४९ मध्ये भारतीय संविधान हैदराबादला लागू करण्यास संमती दिली गेली तीही निजामाच्या फरमानानेच. वैधतेची साखळी अशी जुन्या सत्तेतून ओवली गेली. परंतु नव्या कायद्याचे न्याय्यपण त्या फरमानातून आले नाही. ते प्रौढ मताधिकारातून, समानतेच्या हमीतून आणि मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरवणाऱ्या कलम १३ मधून आले.

अमेरिकन विधितज्ज्ञ लॉन फुलर यांनी कायद्याचा मजकूर आणि अधिकाऱ्यांचे वर्तन यांत मेळ असावा, अशी अट घातली होती. ‘हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०’ याने संरक्षित कुळाला हक्क दिले, पण कसणाऱ्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात चढलेच नाही, तर तो हक्क सिद्ध करायला त्याच्या हाती कागद उरत नाही. दाद मागण्याचे अंतरही याच विचारात धरावे लागते : मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यापासून १९८१ मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू होईपर्यंत नांदेडच्या शेतकऱ्याला उच्च न्यायालयात जायचे तर मुंबई गाठावी लागे.