जुनी पिकअप फोर बाय फोर करण्यापूर्वी : नागपुरातील वाहनधारकांसाठी पात्रता, अर्ज व कागदपत्रे

काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांत किंवा उमरेड भागातल्या काळ्या रानात पावसाळ्यात मागच्या दोन चाकांवर चालणारी जुनी पिकअप रुतून बसते, आणि तिची पुढची चाकेही ओढणारी, म्हणजेच गाडी फोर बाय फोर, करून घ्यावी असा विचार मालकाच्या मनात येतो. त्यासाठी लागणारा मिस्त्री आणि सामान मिळणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते कागदावरचे काम, आणि ते गाडी गॅरेजमध्ये लावण्यापूर्वीच करावे लागते.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे म्हणून ती 'व्हिंटेज' ठरते आणि व्हिंटेज गाडीला सवलती मिळतात, असे अनेक जण धरून चालतात. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी फक्त दुचाकींना आणि प्रवासी वर्गातल्या, म्हणजे एम-१ प्रकारच्या, चारचाकींना मिळते. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्या व्याख्येत बसत नाही. एखादी जुनी जीप किंवा स्टेशन वॅगन प्रवासी वर्गात नोंदलेली असेल तर ती बसू शकते. मात्र पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली असणे, गाडी मूळ स्वरूपात असणे आणि चेसीस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसणे या अटी तिलाही लागू आहेत. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा व्हिंटेज क्रमांक आणि फोर बाय फोर यांतले एकच निवडावे लागते. शेतावर रोज राबणाऱ्या गाडीला व्हिंटेज क्रमांक तसाही निरुपयोगी आहे.

फेरबदलाचा मूळ कायदा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. निर्मात्याने मूळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. आणि गाडीच्या रचनेत झालेला, तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा बदल म्हणजे फेरबदल, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा अर्थ कडक लावला. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर गाडी चालवण्याच्या किटसाठी नियमांत ठरवून दिलेली वाट आहे. फोर बाय फोरसाठी तशी तयार वाट नाही. परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी कलम १८२-अ (४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

"आरसीत कुठे लिहिले आहे, गाडी टू-व्हील आहे की फोर-व्हील?" असा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. चालक चाकांचा रकाना तिथे नसेलही, पण रिकाम्या गाडीचे वजन, व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर), टायरचे माप आणि मालवाहू गाडीच्या बाबतीत प्रत्येक अॅक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, नोंदणीकृत भार हे रकाने असतात. ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचे हाउसिंग (आसाचे कवच) आणि पुढची प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद आसापर्यंत नेणारा दांडा) बसली की वजन वाढते, त्यातला बराचसा भार पुढच्या अॅक्सलवर येतो, आणि नव्या अॅक्सलला जुनी चाके जुळत नसतील तर टायरचे मापही बदलते. वजनकाट्याच्या पावतीवर हा फरक लपत नाही.

म्हणून अर्जाची सगळी भिस्त एका प्रश्नावर आहे: निर्मात्याने हेच मॉडेल, याच चेसीसवर, चार चाकांच्या ओढीसह विकले होते काय? जीपच्या घराण्यातल्या अनेक जुन्या गाड्या दोन्ही प्रकारांत निघत. तसे असेल तर निर्मात्याचे पत्र, त्या काळचे माहितीपत्रक किंवा सुट्या भागांची छापील पुस्तिका अर्जाला जोडावी. मूळ तपशिलाशी विसंगती नाही, हे म्हणण्याला तोच खरा आधार आहे. निर्मात्याने तशी गाडी कधी काढलीच नसेल, तर परवानगीची आशा फार धरू नये, आणि सामानावर पैसेही खर्च करू नयेत.

अर्ज मालकाच्या राहत्या पत्त्याच्या परिवहन कार्यालयात करायचा असतो. नागपुरात ही हद्द तीन क्रमांकांत वाटलेली आहे: शहरासाठी एमएच-३१, ज्याचे कार्यालय अमरावती रोडवर गिरीपेठेत आहे, पूर्व नागपूरसाठी एमएच-४९ आणि ग्रामीण भागासाठी एमएच-४०. वाहन पोर्टलवर फेरबदलाची सेवा निवडून अर्ज भरता येतो व शुल्क तिथेच दिसते. मात्र गाडीची नोंद हाताने लिहिलेल्या आरसी बुकात असेल तर ती आधी संगणकावर चढवून घ्यावी लागते. कार्यालयात तिला बॅकलॉग नोंद म्हणतात. आणखी जुन्या गाड्यांबाबत एक स्थानिक बाब लक्षात ठेवावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे त्याआधी येथे नोंदलेल्या गाडीच्या कागदांवर त्या राज्याची नोंद सापडणे स्वाभाविक आहे. तिथपासून आजच्या मालकापर्यंत हस्तांतरणाची साखळी पूर्ण दिसली पाहिजे.

कागदपत्रांत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, भरलेल्या कराची व लागू असल्यास पर्यावरण कराची पावती, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि चेसीस व इंजिन क्रमांकाची पेन्सिल छाप (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली) तयार ठेवावी. आरसी हरवली असल्यास पोलिसांकडील नोंदीसह नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत आधी घ्यावी. खासगी गाडीची पंधरा वर्षांची मुदत संपली असेल तर नमुना २५ मध्ये नूतनीकरण, आणि मालवाहू गाडी असेल तर योग्यता प्रमाणपत्र, याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमती हवी. बसवायच्या भागांची बिले विशेष जपावीत, कारण ट्रान्सफर केस व पुढचे हाउसिंग बहुधा लिलावातल्या किंवा मोडीत काढलेल्या जीपमधून येते, आणि बिलाविना आणलेला भाग चोरीचा नाही हे सिद्ध करणे मालकाच्याच गळ्यात पडते. कामाचे वर्णन कागदावर द्यावे: पुढच्या व मागच्या डिफ्रन्शिअलचे (आसावरच्या दातेरी चक्रांच्या जोडणीचे) गुणोत्तर एकच आहे, ब्रेकचे पाइप व स्टिअरिंगचे दांडे कसे बदलणार, कमानपाट्यांचे ब्रॅकेट चेसीसला कुठे बसणार. गुणोत्तर जुळले नाही तर पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील घालताच दोन्ही शाफ्ट एकमेकींविरुद्ध पीळ धरतात.

चेसीसच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक पुढच्या कमानपाट्याच्या जागेजवळ असेल, तर ब्रॅकेट वेल्ड करताना किंवा गंज घासताना ग्राइंडरचा एक फेरा अंक पुसट करायला पुरतो. असा क्रमांक खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि मग फेरबदलाचा अर्ज बाजूला राहून गाडीच संशयात येते. म्हणून छाप काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि तेवढ्या भागावर ग्रीस लावून पट्टी चिकटवावी.

लेखी परवानगी हातात आल्यावरच काम सुरू करावे. ते पूर्ण झाल्यावर कायद्याने चौदा दिवसांच्या आत आरसी व शुल्कासह कार्यालयाला कळवायचे असते. तेव्हा मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी न्यावी आणि वजनाची नवी पावती सोबत ठेवावी. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्यावा, कारण न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून अपघाताचा दावा अडवला जाऊ शकतो.

अर्ज नाकारला गेल्यास तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कारणांसह लेखी आदेश मागावा. कलम ५७ नुसार तो आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करता येते, आणि निर्मात्याचे पत्र सुरुवातीलाच जोडलेले असेल तर अपिलातही आधार म्हणून तेच पुढे करता येते.