सीईटीचे अंदाजे गुण काढण्याविषयी पालक व विद्यार्थ्यांसाठी माहिती

एमएचटी-सीईटीचा (अभियांत्रिकी, औषधनिर्माण आदी प्रवेशांसाठीच्या राज्य परीक्षेचा) पेपर सुटला की आमच्या राजारामपुरीतील कार्यालयात दिवसभर एकच प्रश्न येतो: "एवढे गुण पडतील असे वाटते, तर पर्सेंटाइल किती?" याचे उत्तर आम्ही त्या दिवशी का देत नाही, हे एकदा लिहून ठेवणे बरे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेच्या एखाद्या सत्रात (पाळीत) १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी ९,२०० जणांना आपल्या पाल्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर त्याचा पर्सेंटाइल ९२, मग त्याचे गुण ९० असोत वा ११५. त्यामुळे गेल्या वर्षीचा तक्ता किंवा दुसऱ्या सत्रात बसलेल्या मित्राचा आकडा येथे उपयोगी पडत नाही. असे तयार तक्ते अन्यत्र सहज मिळतात. आम्ही ते देत नाही आणि त्याबद्दलचा रोषही पत्करतो.

खरा वेळ जातो तो मात्र गुणांच्याच हिशेबात. मुले आठवणीतून "त्र्याऐंशी बरोबर" असे सांगतात आणि पालक तेच गुण समजतात. पीसीएम गटात तिन्ही विषयांचे प्रत्येकी ५० प्रश्न असले तरी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला प्रश्नामागे १ आणि गणिताला २ गुण असल्याने एकूण गुण २०० होतात. भौतिकशास्त्राचे २८, रसायनशास्त्राचे ३१ आणि गणिताचे २४ प्रश्न बरोबर असतील, तर बेरीज ८३ नव्हे, १०७. म्हणून कृपया विषयवार आकडे घेऊन यावे, आणि तेही लॉगिनमध्ये स्वतःची नोंदवलेली उत्तरे व उत्तरतालिका उपलब्ध झाल्यानंतर. त्याआधी केलेली मोजणी आम्हांला पुन्हा करावी लागते, आणि रांगेत गडहिंग्लज-कागलहून आलेले पालक ताटकळतात.

परीक्षेपूर्वीचा अंदाज मात्र बराच नेमका काढता येतो. आमच्या रविवारच्या सराव परीक्षेत विद्यार्थी कच्च्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे खूण करतो: खात्री असल्यास बरोबरची खूण, शंका असल्यास टिंब, निव्वळ अंदाज असल्यास फुली. एका विद्यार्थिनीने गणितात ३४ प्रश्नांपुढे खात्रीची खूण केली होती. तपासणीत त्यांतले २७ बरोबर निघाले. उरलेल्या ७ चुकांपैकी ५ अधिक-उणे चिन्हाच्या होत्या, म्हणजे धडा तिला येत होता, केवळ घाई नडली. तिला आम्ही नवे प्रश्नसंच न देता तेच पेपर पुन्हा सोडवायला लावले. निव्वळ फुलीचे ८ प्रश्न असतील, तर चार पर्यायांतून सरासरी २ बरोबर येतील इतकेच धरावे. परंतु या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. (जेईई मेनला ही सवय नेऊ नये, तेथे बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीला १ गुण वजा होतो.)

एका पेपरवरून आम्ही काहीच सांगत नाही. किमान पाच पेपरांच्या खुणा पाहून "१०० ते ११२" असा पल्ला सांगतो, कारण एकच आकडा सांगितला की घरात तोच धरला जातो.

ही सराव मालिका आमच्या वर्गात प्रवेश नसलेल्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. पेपर संगणकावरच होतो आणि पहिली ९० मिनिटे भौतिक-रसायन, पुढची ९० मिनिटे गणित, ही विभागणी आम्ही कसोशीने पाळतो. अन्यत्र दिलेल्या सराव परीक्षांचे खुणांसह कागद आणल्यास तेही पाहून देऊ. फक्त रविवारी दुपारी चारनंतर यावे.