हेडलाइट (मोटारीचा) : देखभाल आणि बदल

मोटारीच्या पुढच्या मुख्य दिव्यांची जोडी म्हणजे हेडलाइट. गॅरेजच्या भाषेत लांब झोत तो ‘अप्पर’ आणि खाली पडणारा तो ‘डिप्पर’. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही, गाडीचे दिवे लावावे लागतात.

नाशिकच्या गाड्यांना या दिव्यांची पारख लवकर होते. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा घाटात धुके उतरते, आणि निफाड-सिन्नरच्या बाजूला हंगामात ऊस, कांदे किंवा द्राक्षे भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी अंधारात पुढे येते. ताशी ८० कि.मी. वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले; कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. चांगल्या डिप्परचाही उपयोगी उजेड बहुधा ५०-६० मीटरच्या आसपास संपतो. म्हणजे या वेगात नुसत्या डिप्परवर हिशेब आधीच तोट्यात आहे. दिवा मंद असेल तर विचारायलाच नको.

उजेड कमी वाटला की बहुतेक जण थेट नवा बल्ब आणतात. दोष पुष्कळदा काच, वायरिंग किंवा फोकस यांत असतो, आणि पैसे मात्र बल्बवर जातात.

काच म्हणतात ती आजच्या गाड्यांत पॉलिकार्बोनेटची असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचा संरक्षक थर जातो, काच पिवळी व धुरकट होते आणि झोत विखुरतो. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावून १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, सतत पाणी सोडत, घासावा. मग कंपाउंडने चमक आणावी. यानंतर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारणे टाळू नये. तो नसेल तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टचा उपाय दाखवण्यापुरता ठीक. काच आतून धुरकट असेल किंवा रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीचा, चंदेरी मुलामा उडाला असेल तर घासून काही साधत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

वायरिंग तपासताना दिवा पेटलेला हवा. कपलर, म्हणजे बल्बच्या मागचा तारांचा जोड, काढून मोजले तर व्होल्टेज पूर्ण दिसते आणि दोष लपतो. इंजिन चालू ठेवून, पेटलेल्या बल्बच्या पिनांवर आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर गंजलेली अर्थिंग (बॉडीला जोडलेली तार) किंवा जळका होल्डर शोधावा. हॅलोजन बल्बला (आत तापणारी तार असलेल्या नेहमीच्या बल्बला) १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. उलट, बल्ब सारखे उडत असतील तर चार्जिंग पाहावे : चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट योग्य, १५ च्या वर गेले की दोष आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) रेग्युलेटरमध्ये.

बल्ब बदलायचाच असेल तर आधी नंबर पाहावा. एच-४ मध्ये ६०/५५ वॅटच्या दोन फिलामेंट (तापून उजेड देणाऱ्या तारा) असतात, म्हणून अप्पर-डिप्पर एकाच बल्बात. एच-७ मध्ये ५५ वॅटची एकच. इंजिन आणि दिवे बंद करून बल्ब थंड होऊ द्यावा. मागचा कपलर ओढावा, रबरी बूट (मागचे झाकण) काढावा, तारेची क्लिप दाबून बाजूला करावी. एच-४ च्या पत्र्यावरचे तीन कान एकाच रीतीने बसतात. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून पाहावा. बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये : हाताचा तेलकटपणा तापून तेवढीच जागा जास्त गरम होते आणि बल्ब लवकर जातो. लागलेच तर स्पिरिटने पुसावे. रबरी बूट वाकडा बसला तर पहिल्या पावसात दिव्यात पाणी शिरते. आतून थोडा दव येऊन दिवा तापल्यावर गेला तर ते नेहमीचे; तळाशी पाणी साचले तर सील किंवा बूट गेला. बल्ब जोडीनेच बदलावेत, नाही तर दोन्ही बाजूंचा उजेड वेगवेगळा पडतो.

फोकस भिंतीवर सेट करता येतो. टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस आणि डॅशबोर्डवरचे झोताच्या उंचीचे बटण शून्यावर ठेवून गाडी सपाट जागेत भिंतीपासून १० मीटर उभी करावी. डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सें.मी., म्हणजे अंतराच्या १ टक्का, खाली पडावी, डावीकडे ती वर चढलेली असावी. दिव्यावर किंवा बॉनेटखाली वेगळा टक्का छापला असेल तर तोच धरावा. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला पाच माणसे आणि डिकीभर सामान निघाले की मागची बाजू दबते, झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ते बटण त्यासाठीच असते आणि ते वापरणारे फार थोडे.

१००/९० वॅटचे बल्ब सर्रास बसवले जातात. अप्परवर प्रत्येकी ८ अँपियरच्या वर करंट ओढल्याने मूळ तारा आणि स्विच तापतात, होल्डर वितळतो. एच-४ च्या जागी बसवलेल्या स्वस्त एलईडीची उजेड देणारी चिप फिलामेंटच्या जागी नेमकी नसते. कड विस्कटते, समोरच्याला चकाकी येते आणि चालकाला रस्ता पांढरा दिसूनही लांबचे दिसत नाही. धुक्यात अप्पर लावल्यासही असेच होते : उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो, म्हणून कसारा घाटात डिप्पर आणि वेग कमी.

मूळचाच एलईडी दिवा असलेल्या गाड्यांत बहुधा बल्ब वेगळा निघत नाही, पूर्ण दिवाच बदलतात. झेनॉन दिव्यात पेटताना हजारो व्होल्ट असतात. त्याला घरी हात लावू नये.