वणव्यानंतरची ग्रामीण उद्योग अनुदानं (ऑस्ट्रेलिया)

वणव्यात शेती, फळबागा, लाकूडधंदा, मधमाशीपालन असे गावाकडचे धंदे जळाले की ते परत उभे राहावेत म्हणून ऑस्ट्रेलियात केंद्र आणि राज्य सरकारं मिळून जे पैसे देतात ती ही अनुदानं. ती फेडायची नसतात, म्हणून सवलतीच्या कर्जापेक्षा वेगळी धरतात, जरी दोन्ही बऱ्याचदा एकाच खिडकीवर मिळतात. तिथं वणव्याला बुशफायर म्हणतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाहीये. नियमात बसवलेली मदत एवढंच मोजायचं तर १९७० च्या दशकाचा पूर्वार्ध धरावा लागतो, तेव्हा केंद्रानं राज्यांचा आपत्तीखर्च वाटून घ्यायची कायमची पद्धत बसवली. काहीजण १९६७ च्या होबार्टच्या आगीपाशी (६२ मृत्यू) थांबतात. पण धंदा वाचवणं हा हेतू बघितला तर जानेवारी १९३९ चा व्हिक्टोरियातला ‘ब्लॅक फ्रायडे’ जास्त पटतो, त्यात ७१ माणसं गेली आणि माउंटन ॲश या उंच निलगिरीची जंगलंच्या जंगलं उभी जळाली, मग ते लाकूड कुजायच्या आत काढायला पुढं कित्येक वर्षं कापणी चालली आणि ओंडके तडकू नयेत म्हणून त्यांच्या थप्प्यांवर पाण्याचे फवारे सोडून ठेवले. त्याला अनुदान कुणी म्हणत नव्हतं, तरी आजच्या योजनांमधलं निम्मं शहाणपण तिथलंच आहे. सध्याची व्यवस्था १ नोव्हेंबर २०१८ पासूनची. तिच्यात मदतीचे ए ते डी असे चार वर्ग आहेत, शेतकरी आणि छोट्या धंद्यांची अनुदानं सी मध्ये येतात आणि तो खर्च केंद्र-राज्य निम्मा-निम्मा उचलतात. डी म्हणजे अगदीच अपवादात्मक वेळ.

ती वेळ २०१९-२० च्या ‘ब्लॅक समर’नं, म्हणजे त्या उन्हाळ्यातल्या वणव्यांनी आणली. थेट आगीत ३३ मृत्यू, ३,००० च्या वर घरं गेली. जळालेल्या क्षेत्राचे आकडे मात्र जुळत नाहीत, कुठं १.७ कोटी हेक्टर आहे तर सरकारी चौकशी आयोगाच्या (रॉयल कमिशनच्या) अहवालात २.४ कोटी, गवताळ भाग धरला की नाही यावर ते बदलतं. जानेवारी २०२० मध्ये केंद्रानं २ अब्ज डॉलरचा निधी आणि त्यासाठी वेगळी एजन्सी काढली. शेतकऱ्याला जास्तीत जास्त ७५,००० डॉलर, त्यातले पहिले १५,००० नुकसानीच्या अंदाजावर लगेच, बाकीचे बिलं दाखवल्यावर. आपल्याकडं तलाठ्याच्या पंचनाम्यावर गाडं अडतं तसं तिथं बिलावर अडतं.

हे पैसे नेमके कशात जातात ते कुंपणावरून कळतं. लाकडी खांब जमिनीपर्यंत जळतात आणि तार खाली लोळत पडते, दिसायला धड असते पण तापून तिचं जस्त उडालेलं असतं, ताण राहिलेला नसतो, ओढली की तुटते. म्हणजे सगळं नव्यानंच घालायचं, आणि कुंपण नाही तोवर वाचलेली गुरं ठेवायची कुठं हा प्रश्न. २००९ च्या व्हिक्टोरियातल्या आगीनंतर सुरू झालेली ‘ब्लेझएड’ ही स्वयंसेवी संस्था याच कामासाठी आहे.

लाकूडधंद्याचा हिशेब निराळा. न्यू साउथ वेल्समधल्या ट्यूमट-टंबरंबा पट्ट्यात रेडिएटा पाइनच्या लागवडी आहेत. झाड जळून मेलं तरी आतलं लाकूड काही महिने चांगलं असतं, मग निळी बुरशी चढते आणि भाव पडतो. सालीवरचा कोळसा कागदाच्या लगद्यात गेला तर काळे ठिपके येतात म्हणून कागदगिरणीलाही असला माल सहज चालत नाही. म्हणजे एकाच वर्षात सॉ मिलपुढं मालाचा डोंगर आणि त्यानंतर नवी झाडं कापणीला येईपर्यंत वीस-तीस वर्षं टंचाई. म्हणून इथं मालकाला भरपाई देऊन भागत नाही, जळके ओंडके साठवायला, लांबच्या गिरणीपर्यंत न्यायला, यंत्रं बदलायला असे वेगळे पैसे द्यावे लागले आणि तेच बरोबर होतं, कारण गिरणी बंद पडली की गाव उठतं.

त्याच राज्यातल्या बॅटलो गावच्या सफरचंदवाल्यांचंही तसंच, नवं झाड धरायला काही वर्षं जातात, म्हणून बागा परत लावायला हेक्टरी हिशेबानं वेगळी मदत निघाली. द्राक्षांत अजून गुंता आहे. वेल न जळताही नुसत्या धुरानं माल जातो, धुरातले ग्वायकॉलसारखे घटक फळातल्या साखरेला चिकटून बसतात, चाखून कळत नाही, वाइन आंबवताना ते सुटे होतात आणि राखेची चव येते. ‘जळालं’ म्हणजे काय ही व्याख्या अशा ठिकाणी तोकडी पडते.

वाटपावर सगळ्यात मोठा वाद न्यू साउथ वेल्समध्ये झाला. तिथल्या महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की ब्लॅक समरनंतरच्या प्रकल्प-अनुदानांच्या पहिल्या फेरीत उपमुख्यमंत्री कार्यालयानं प्रकल्पासाठी १० लाख डॉलरची किमान मर्यादा घातली, त्यामुळं निवडयादीतले तेव्हा विरोधात असलेल्या लेबर पक्षाच्या मतदारसंघांमधले सगळे प्रकल्प बाहेर पडले, आणि त्या निर्णयामागचं कारणही नीट नोंदवलेलं नव्हतं. सरकारची बाजू अशी की मोठे, लगेच सुरू होणारे प्रकल्प आधी घ्यायचे होते. कागदपत्रं बघता अहवालाचं म्हणणं जास्त टिकतं.

मधमाशीपालकांबद्दल लिखाण कमी सापडतं. पेट्या नव्या आणता येतात, पण निलगिरीला पुन्हा भरपूर मोहोर यायला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर माश्या चरायच्या कुठं याला कुठल्याच अर्जात रकाना नसतो. १८८५ पासून लिग्युरियन या इटालियन जातीच्या माशीसाठी राखीव असलेल्या, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर तर बाहेरून माश्या आणायलाच बंदी आहे.