विषाणू आणि मूत्रपिंड: हंतान खोऱ्यापासून पोल्ट्रीच्या शेडपर्यंत

1951 साली कोरियाचं युद्ध भरात होतं. 38 अंश अक्षांशाच्या आसपास तळ ठोकलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत तेव्हा एक ताप सुरू झाला. अंग फणफणायचं, चेहरा आणि मान उन्हात भाजल्यासारखी लाल व्हायची, कंबरेच्या दोन्ही बाजूंना असह्य दुखायचं. काही दिवसांनी ताप उतरायचा आणि आता माणूस सुधारतोय असं वाटत असतानाच रक्तदाब कोसळायचा. त्यातून तो वाचला तर लघवी आटायची. 1954 पर्यंत तीन हजारांहून जास्त सैनिक आजारी पडले. सुरुवातीच्या काळात दहा रुग्णांमागे एखादा तरी दगावत होता.

आजार अमेरिकी डॉक्टरांना नवा होता, त्या मुलखाला नव्हता. 1930 च्या दशकात मांचुरियात जपानी लष्करी डॉक्टरांनी आणि अमूर नदीच्या पलीकडे सोव्हिएत डॉक्टरांनी तो पाहिला होता. स्वीडनमध्ये 1934 साली याचाच एक सौम्य भाऊबंद नोंदला गेला. हे सगळे हंता नावाच्या एकाच विषाणू-कुळाचे आजार आहेत, हे कळायला मात्र पुढची चाळीसहून जास्त वर्षं गेली.

शवविच्छेदनात मूत्रपिंड उभं चिरलं की नजरेत भरायचा तो रंगांचा फरक. बाहेरचा थर फिका पडलेला आणि आतला गाभा रक्ताने थबथबून काळपट लाल झालेला, दोन्हींच्या मधली सीमा सुरीने आखल्यासारखी स्पष्ट. मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत पाणी झिरपून ती बुळबुळीत झालेली असायची. कंबरदुखी कुठून येते, ते इथे दिसतं. मूत्रपिंड सुजतं आणि त्याच्यावरचं घट्ट आवरण ताणलं जातं.

सोलच्या उत्तरेला या तापासाठी खास रुग्णालय उभारलं गेलं. तिथल्या नोंदींमधून आजाराचे पाच टप्पे ठरले आणि ते आजही तसेच शिकवले जातात. ताप 3 ते 7 दिवस. मग रक्तदाब घसरण्याचा टप्पा, काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत. मग लघवी आटण्याचे 3 ते 7 दिवस. मग उलट, दिवसाला 3 ते 6 लिटर लघवी. शेवटी सावरण्याचे आठवडे, कधी महिने. जवळपास निम्मे मृत्यू लघवी आटलेल्या टप्प्यात होतात आणि त्यांतल्या काहींची बीजं आधीच्या टप्प्यातल्या उपचारांत पेरलेली असतात. रक्तदाब पडला म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, तर केशवाहिन्या गळक्या असल्याने ते पाणी रक्तात टिकत नाही, मांसात आणि पोटात झिरपतं. दोन-तीन दिवसांनी वाहिन्यांची गळती थांबते आणि तेच पाणी परत रक्तात येतं. त्या वेळी मूत्रपिंडं बंद असतात, म्हणून पाणी फुप्फुसात भरतं. दुसरी चूक याच्या उलट. लघवी सुरू झाली म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि रोज लिटरच्या लिटर पाणी, सोडियम, पोटॅशियम वाहून जातंय याकडे लक्ष राहत नाही. या आजारात किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं आणि वजन किती भरलं याचा तक्ता कोणत्याही औषधाइतकाच मोलाचा आहे.

लघवी आटलेल्या जवानांपुढचा मोठा धोका होता रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबण्याचा. 1952 साली वोंजू इथल्या लष्करी रुग्णालयात पॉल टेशन यांच्या पथकाने फिरत्या पिंपाचं कृत्रिम मूत्रपिंड चालवायला घेतलं. डायलिसिस तेव्हा प्रयोगावस्थेतच होतं. मूत्रपिंडं कायमची निकामी झालेली नाहीत, त्यांना फक्त काही दिवस उसंत हवी आहे, ही समज युद्धभूमीवरच्या या कामातून पक्की होत गेली.

जंतू मात्र सापडत नव्हता. त्या काळची रीत अशी, की रुग्णाचं रक्त प्राण्याला टोचायचं आणि प्राणी आजारी पडतो का ते पाहायचं. इथे घोडं अडलं ते नेमकं याच जागी, कारण हा विषाणू ज्या उंदरात राहतो त्याला आजारीच पाडत नाही. उंदीर धडधाकट फिरतो आणि लघवी, लेंड्या, लाळ यांतून विषाणू टाकत राहतो. कोरियन शास्त्रज्ञ ली हो-वांग यांनी आजार शोधणं सोडून खूण शोधली. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतात. तो रक्तद्रव शेतातल्या पट्टेरी उंदरांच्या अवयवांच्या पातळ कापांवर घातला आणि चमकणाऱ्या रंगद्रव्याने पाहिलं. 1976 साली उंदराच्या फुप्फुसात ती चमक दिसली. विषाणूला तिथल्या हंतान नदीचं नाव मिळालं आणि त्यावरून त्याच्या कुळाला हंता. नंतर सोल शहरातल्या साध्या घूशीवजा उंदरांत त्याचा जातभाई सापडला, तो सोल विषाणू, आणि 1980 साली फिनलंडमध्ये स्वीडनच्या त्या सौम्य आजाराचा विषाणू, पुमाला.

या इतिहासातला एक धागा आपल्या देशातला आहे. 1964 साली वेल्लोरजवळच्या तोट्टपाळयम भागात एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला गेला होता. तेव्हा तो डासांवाटे पसरणाऱ्या विषाणूंपैकी असावा असं मानलं गेलं. तो हंता कुळातला आहे हे पुढे कळलं. म्हणजे या कुळातला प्रयोगशाळेत वेगळा झालेला पहिला विषाणू भारतातला, हंतानच्याही आधीचा.

विषाणू पेशी मारत नाही, तरी मूत्रपिंड बंद का पडतं? हंता विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो, पण अस्तर फोडत नाही. त्याच्यावर तुटून पडणारी प्रतिकारशक्ती आणि सैल झालेलं अस्तर मिळून गळती होते, प्लेटलेट घटतात. लघवीतलं प्रथिन एकदम भरमसाट वाढतं आणि तितक्याच वेगाने खाली येतं. नुकसान प्रतिकारशक्तीच करते, या विचाराला प्राण्यांतून आधार मिळाला. 1969 साली ओल्डस्टोन आणि डिक्सन यांनी उंदरांवर दाखवलं, की शरीरात दीर्घकाळ मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूचे कण आणि प्रतिपिंडं यांची जोडगोळी मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसते आणि गाळणी सुजते. फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंकांच्या अल्यूशन आजारातही हाच प्रकार आढळतो. मिंकाचं शरीर प्रतिपिंडं प्रचंड प्रमाणात बनवतं, पण विषाणू मरत नाही आणि मूत्रपिंडं जातात. माणसातल्या हिपॅटायटिस बी आणि सी बरोबर येणारे काही मूत्रपिंडविकार याच वाटेने होतात.

दुसरी वाट सरळ हल्ल्याची, आणि ती कोंबड्यांत सगळ्यात स्वच्छ दिसते. सांसर्गिक ब्राँकायटिस हा कोंबड्यांचा श्वासाचा आजार म्हणून 1931 पासून माहीत होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्याच विषाणूचे असे प्रकार सापडले, की पक्षी आधी थोडे शिंकतात आणि पुढे मूत्रपिंड गेल्यामुळे मरतात. विषाणू मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये वाढतो आणि तिथल्या पेशी मारतो. पक्ष्यांच्या शरीरातला नत्राचा कचरा युरिक अॅसिडच्या रूपात बाहेर पडतो. नलिका गेल्या की तो आतच साचतो. मेलेला पक्षी उघडला तर मूत्रपिंडं सुजून हाडांच्या खोबणीतून वर आलेली, फिकी, पांढऱ्या जाळीने भरलेली दिसतात. मूत्रनलिका खडूच्या कांडीसारखी घट्ट लागते, हृदयावर आणि यकृतावर चुना भुरभुरल्यासारखा थर असतो. पोल्ट्रीवाले याला गाऊट म्हणतात. 2013 साली भारतातल्या ब्रॉयलरमधल्या गाऊटमागे आणखी एक विषाणू, चिकन अॅस्ट्रोव्हायरस, असल्याचं संशोधकांनी मांडलं.

शेडमध्ये चूक होते ती सगळा दोष विषाणूवर टाकण्यात, किंवा सगळा खाद्यावर. खाद्यात कॅल्शियम जास्त, प्रथिनं जास्त, पाणी पिण्याचे निपल तुंबून पाणी कमी पडलेलं, पहिल्या आठवड्यात पिलांना ऊब अपुरी, मूत्रपिंडावर ताण आणणारी औषधं चालू, यांतलं काहीही असलं की विषाणूचं नुकसान कितीतरी पटीने वाढतं. त्यामुळे गाऊट दिसला की आधी पाण्याची लाइन टोकापर्यंत तपासायची, मग प्रथिन आणि कॅल्शियम पाहायचं, आणि तशी औषधं थांबवायची. लस दिली असली तरी हायसं वाटून घेऊ नये. ब्राँकायटिसची मॅसॅच्युसेट्स प्रकारची नेहमीची लस मूत्रपिंडावर जाणाऱ्या सगळ्या प्रकारांपासून पुरतं संरक्षण देत नाही.

कुत्र्यांचं उदाहरण छोटं, पण कामाचं. सांसर्गिक हिपॅटायटिसमधून वाचलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडात हा आजार करणारा अॅडिनोव्हायरस राहतो आणि लघवीतून सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर पडत राहतो. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याची लघवी लस न टोचलेल्या पिलाला भोवते.

आपल्याकडे पावसाळ्यात ताप, घटलेले प्लेटलेट आणि आटलेली लघवी असा रुग्ण आला की आधी लेप्टो, मलेरिया आणि डेंगी पाहतात, आणि ते बरोबरच आहे. लेप्टोही उंदराच्या लघवीतूनच येतो, पण तो जिवाणू आहे आणि वेळेत दिलेल्या प्रतिजैविकाला दाद देतो. हंताच्या बाबतीत रिबाव्हायरिन या विषाणूरोधक औषधाचा चीनमध्ये 242 रुग्णांवर प्रयोग झाला आणि मृत्यू घटले, पण औषध लवकर सुरू करावं लागतं. कोरियात 1990 पासून लस आहे. बाकी भिस्त पाण्याच्या हिशेबावर आणि गरजेला डायलिसिसवर.

हंता विषाणू माणसात शिरतो तो मुख्यतः वाळलेल्या लेंड्या-लघवीच्या धुळीतून, श्वासावाटे. म्हणून बंद पडलेलं गोदाम, धान्याची कोठी किंवा माळा उघडला की लगेच झाडू मारायचा नाही. दारं-खिडक्या अर्धा तास उघडी ठेवून बाहेर थांबायचं. हातमोजे घालायचे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण लेंड्यांवर चांगलं मुरेल इतकं शिंपडायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग कागदाने किंवा फडक्याने पुसून पिशवीत बांधायचं. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, तो धूळ खोलीभर उडवतो.