न भाजणारा लेझर

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेझर लोखंडी पत्रा कापतो, हे नाशिककराला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे फिजिओथेरपीच्या पाटीवर ‘लेझरने मानदुखीवर उपचार’ असं वाचलं, की पहिला प्रश्न ठरलेला : भाजणार तर नाही ना? नाही. पत्रा कापणाऱ्या लेझरची शक्ती हजारो वॉट असते, आणि दुखण्यावरच्या या लेझरची बहुधा अर्ध्या वॉटच्या आत. त्वचेला शेकसुद्धा धड बसत नाही. मग गुण येतो कशाने?

१९६७ च्या सुमारास बुडापेस्टमधले डॉक्टर एन्ड्रे मेस्टर लेझर आणि कर्करोगाचा संबंध तपासत होते. त्यांनी केस भादरलेल्या उंदरांवर कमी शक्तीचा लेझर सोडला, तर त्या जागी केसच लवकर उगवले! जखमांवरचे प्रयोग त्यानंतरचे.

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाला चिकटवून पाहा. प्रकाश पांढरा, पण बोट लालभडक दिसतं. हिरवा-निळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन गिळतं, लाल तेवढा पार होतो. उलट लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे गेलं की शरीरातलं पाणीच आडवं येतं. म्हणून उपचाराचा प्रकाश ६०० ते ११०० नॅनोमीटरच्या दरम्यानचा.

आत गेलेला प्रकाश कुणी शोषला तरच काही घडणार. इथे येतं माझं लाडकं विकर (एन्झाइम), सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. पेशीतल्या तंतुकणिकांत (मायटोकाँड्रियांत) अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत शेवटी याच्यापाशी येतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन इथेच त्यांना भेटतो आणि पाणी बनतं. या ओघात प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, आणि ते परत येताना पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, तयार होतं. विकरात लोह आणि तांब्याची केंद्रं आहेत. त्यांतली तांब्याची केंद्रं लाल आणि जवळचा अवरक्त प्रकाश शोषतात. दुखावलेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड ऑक्सिजनच्या जागेवर ठाण मांडतो आणि सगळं काम मंदावतं. प्रकाश पडला की तो सुटतो, इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते, एटीपी वाढतं. सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडने जवळच्या रक्तवाहिन्याही सैलावतात. रशियाच्या टीना कारू यांनी या विकराकडे लक्ष वेधल्यापासून ही मांडणी रुजली. पण हेच विकर नसलेल्या पेशीही प्रयोगशाळेत लाल प्रकाशाने वाढल्या आहेत, म्हणजे प्रकाश शोषणारं आणखी कुणीतरी आहे. वेदनेचं गणित थोडं वेगळं : मात्रा वाढवली तर कळ वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचं काम काही काळ मंदावतं.

‘पैसे दिलेत, जरा जास्त वेळ मारा’ म्हणणारे पेशंट असतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला यातला धोका सांगावा लागणार नाही. मणी फुगवायला फवारतात त्या जीएचं (जिबरेलिक आम्लाचं) प्रमाण चढलं की घडाचे देठ ताठर होतात आणि मणी गळतात. लेझरचंही तसंच : थोड्या मात्रेत पेशी चेतते, फार झाली तर दबते. १०० मिलिवॉटचा लेझर ४० सेकंद धरला तर ४ ज्यूल. ते किती चौरस सेंटिमीटरवर पडले, यावर बाकीचं ठरतं. कमी मात्रेने काही उपयोग झाला नाही, म्हणून लेझरच बदनाम, असंही घडतं.

सगळ्यात भक्कम पुरावा तोंडाचा आहे. डोकं आणि मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड आतून सोलवटतं, घोटभर पाणीही गिळवत नाही. ते टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये या लेझरची शिफारस आहे. मानदुखीवर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या आढाव्यात बऱ्यापैकी आराम दिसला. गुडघ्याचे निष्कर्ष मात्र उलटसुलट आहेत. आणि त्याच प्रकाशाने ‘चक्रं उघडतात’, राशीनुसार रंग निवडा, असं कुणी सांगू लागला तर सरळ तरंगलांबी विचारावी. गडी गप्प होतो.

उपचाराआधी तरंगलांबी, शक्ती आणि सेकंद विचारा. गाठ किंवा कर्करोग असेल, तर तिथे तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय लेझर नकोच. आणि चष्मा फिजिओथेरपिस्टने एकट्याने घालून चालत नाही, तुम्हालाही हवा. अवरक्त किरण दिसत नाही, त्यामुळे पापणी आपणहून मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो सगळा दृष्टिपटलाच्या एका बिंदूवर आणून ठेवतं.